प्रकल्प नोंदी: रात्रीच्या बॅच, कॉर्न शेल आणि 'सगळं बॅशमध्ये आणा'

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आजपासून काम अधिकृतपणे सुरू. एआयएक्सवर (आयबीएमच्या युनिक्सवर) चालणाऱ्या रात्रीच्या बॅच, म्हणजे एकगठ्ठा आपोआप चालणारी कामं, लिनक्सवर न्यायच्या आहेत. कामाच्या पत्रात एक ओळ आहे : 'सर्व स्क्रिप्ट बॅशमध्ये रूपांतरित कराव्यात.' (शेल म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. बॅश हा लिनक्सवरचा नेहमीचा शेल, आपल्या बहुतेक स्क्रिप्ट कॉर्न शेलच्या.) ही ओळ का घातली म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "कॉर्न जुना शेल आहे, आता कोण वापरतं?" वापरतं कोण, तर रोज रात्री आपणच. पण ते असो.

आधी मोजदाद. प्रत्येक फाइलची पहिली ओळ काढून वर्गवारी केली. बहुतेक स्क्रिप्ट केएसएचच्या (म्हणजे कॉर्न शेलच्या), काही /बिन/एसएचच्या, थोड्या सीएसएचच्या (सी शेलच्या). आणि बऱ्याच अशा, की पहिल्या ओळीत शेलचं नावच नाही. त्या फायली थेट कामाच्या कमांडीनेच सुरू होतात.

यात मेख अशी, की एआयएक्सवर /बिन/एसएच म्हणजेही कॉर्न शेलच. जुना बॉर्न शेल तिथे बीएसएच या वेगळ्या नावाने ठेवलेला असतो. त्यामुळे ज्यांनी वर 'एसएच' लिहिलंय त्यांनीही आत कॉर्नच्या सगळ्या सोयी बिनधास्त वापरल्या आहेत. बिननावाच्या फायली तर ज्या शेलमधून बोलावल्या जातील त्याच्याच हाती पडतात. इतकी वर्षं बोलावणारा एकच होता, म्हणून कोणाला काही जाणवलं नाही.

ठरलं : पहिल्या ओळीवर विसंबायचं नाही, आतला मजकूर वाचून शेल ठरवायचा.

बुधवार, ८ जानेवारी

गटात दोघं नवीन आहेत. बॅशशिवाय दुसरा शेल त्यांनी पाहिलेला नाही. त्यांच्यासाठी थोडी वंशावळ.

युनिक्सचा पहिला शेल केन थॉम्पसनचा, १९७१चा. त्यात 'इफ' आणि 'गोटू' हे शेलचे भागसुद्धा नव्हते, बाहेरचे स्वतंत्र प्रोग्राम होते. १९७९ साली सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर स्टीफन बॉर्नचा शेल आला आणि शेलमध्ये खरी प्रोग्रामिंगची भाषा आली. बॉर्नवर अल्गोल ६८चा प्रभाव होता. 'इफ' बंद करायला 'एफआय', 'केस' बंद करायला 'ईसॅक' ही उलटी अक्षरं तिथूनच आली. त्याच न्यायाने 'डू' बंद करायला 'ओडी' हवं होतं, पण ओडी नावाची कमांड आधीपासून होती, म्हणून 'डन'. बॉर्नने शेलचा सी कोडही मॅक्रो लावून अल्गोलसारखा दिसेल असा लिहिला होता. तो वाचताना भल्याभल्यांची दमछाक झाली आहे.

साधारण त्याच काळात बर्कलीत बिल जॉयने सी शेल लिहिला. आधीची कमांड परत बोलावणं, टोपणनावं, चालू काम थांबवून मागे ढकलणं या गोष्टी लोकांच्या हाताला त्याने लावल्या. मग बेल लॅब्जमध्ये डेव्हिड कॉर्नने दोन्हींचा मेळ घातला : व्याकरण बॉर्नचं, हाताशी सोयी सी शेलसारख्या. १९८३च्या युजनिक्स या युनिक्सवाल्यांच्या परिषदेत तो जाहीर झाला. त्याची १९८८ची आवृत्ती, म्हणजे केएसएच-८८, व्यापारी युनिक्सांबरोबर सगळीकडे पसरली. एआयएक्सवर नुसतं 'केएसएच' म्हटलं की आजही तीच मिळते. १९९२मध्ये पॉसिक्स या युनिक्सांच्या सामाईक मानकाने शेलचं प्रमाण ठरवलं तेव्हा त्याचा मोठा आधार हाच केएसएच-८८ होता.

बॅश ब्रायन फॉक्सने मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पासाठी लिहिला, १९८९मध्ये बाहेर आला. कॉर्नकडून त्याने भरपूर घेतलं : दुहेरी चौकटी कंस, अंकगणिताचे दुहेरी गोल कंस, ॲरे (एका नावाखाली मूल्यांची यादी). त्यामुळे कॉर्नची स्क्रिप्ट बॅशला दिली तर बहुतेक ओळी निमूट चालतात. दोन भाषा पूर्ण वेगळ्या असत्या तर काम सोपं गेलं असतं. पर्लची फाइल बॅशला दिली तर तो पहिल्या काही ओळींतच आरडाओरडा करतो, आणि आपण सावध होतो.

सोमवार, १३ जानेवारी

सगळ्या केएसएच स्क्रिप्ट चाचणी यंत्रावर बॅशखाली चालवून पाहिल्या. काहीही न बदलता, नुसतं काय पडतं ते बघायला.

मोठ्याने पडलेल्या गोष्टी अपेक्षेप्रमाणे. 'प्रिंट' ही कॉर्नची अंगभूत कमांड, बॅशमध्ये नाही. 'सेट -ए'ने ॲरे भरणं नाही. 'व्हेन्स' (दिलेली कमांड कुठली ते सांगणारी) नाही. 'टाइपसेट -झेड'ने आकड्याला डावीकडून शून्यं लावणं नाही. हे शोध-बदल करून निघेल.

गंमत एवढीच, की एका सहकाऱ्याच्या डेबियन लिनक्सच्या यंत्रावर 'प्रिंट' सापडली. तिथे त्या नावाची वेगळीच कमांड असते, फाइल छपाईला पाठवणारी. त्यामुळे 'कमांड सापडली नाही' असं न येता 'अशी फाइल नाही' असा संदेश येत राहिला, आणि तो सहकारी बराच वेळ हरवलेली फाइल शोधत बसला.

बुधवार, १५ जानेवारी

आज जे सापडलं त्यावरून सबंध प्रकल्पाकडे बघण्याची दिशा बदलायला हवी.

नाकारलेल्या नोंदींचा ताळा करणारी एक स्क्रिप्ट आहे. नाकारलेल्या नोंदींची फाइल पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) 'व्हाइल रीड'च्या लूपमध्ये सोडायची, लूपमध्ये नोंदी मोजायच्या आणि रकमांची बेरीज करायची. लूप संपल्यावर मोजणी शून्य असेल तर 'ठीक' लिहून पुढे जायचं, नसेल तर बॅच थांबवून माणसाला उठवायचं. बॅशखाली ही स्क्रिप्ट कुठेही न अडखळता पूर्ण झाली. त्रुटीसंदेश नाही, परतीचा कोड शून्य, लॉगमध्ये 'ठीक'. चाचणीच्या फाइलमध्ये नाकारलेल्या नोंदी मुद्दाम घातलेल्या होत्या.

कारण हे. पाइपने जोडलेल्या कमांडींपैकी शेवटची कमांड कॉर्न शेल स्वतःच्याच प्रक्रियेत चालवतो. लूपमध्ये वाढवलेला आकडा लूपनंतरही हाती राहतो. बॅश मात्र पाइपचा प्रत्येक भाग वेगळ्या उपशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत, चालवतो. आकडा तिथे वाढतो, उपशेल संपला की त्याच्याबरोबर जातो, आणि बाहेरच्या शेलकडे सुरुवातीचं शून्य तसंच राहतं. पॉसिक्सला दोन्ही पद्धती मान्य आहेत, म्हणजे कोणाकडे बोट दाखवायचीही सोय नाही. इतर शेलांपैकी झेडशेल कॉर्नच्या बाजूला. डॅश, बिझीबॉक्स बॅशच्या बाजूला. नावात 'केएसएच' असलेला एमकेएसएचसुद्धा याबाबतीत बॅशसारखाच वागतो.

बॅश ४.२पासून 'लास्टपाइप' नावाचा पर्याय आहे, तो लावला की शेवटचा भाग चालू शेलमध्येच चालतो. जॉब कंट्रोल (चालू काम थांबवून मागे-पुढे करायची सोय) बंद असावा लागतो, स्क्रिप्टमध्ये तो बंदच असतो. म्हणजे उपाय आहे. पण तो कुठे लावायचा हे कळण्यासाठी प्रत्येक पाइप आणि प्रत्येक लूप माणसाने वाचायला हवा. लूपनंतर तो आकडा वापरलाय का, की लूप नुसता फायली हलवतोय? शोध-बदलाने हे कळत नाही.

व्यवस्थापकांना दुपारी दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता : "आणि असं आणखी काय काय असेल?"

सोमवार, २० जानेवारी

आणखी असं : शून्यं.

स्क्रिप्टांमध्ये महिना, दिवस, बॅचचा अनुक्रमांक हे सगळं डावीकडे शून्य लावून ठेवलेलं असतं. केएसएच-८८ हिशेब करताना त्या शून्याकडे लक्ष देत नाही. ०८ म्हणजे आठ. बॅशच्या दृष्टीने पुढे शून्य असलेला आकडा अष्टमान पद्धतीतला. अष्टमानात ८ आणि ९ हे अंकच नाहीत, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरला किंवा महिन्याच्या ८-९ तारखेला स्क्रिप्ट त्रुटी देऊन पडते. हे अनेकांनी ऐकलेलं असतं, आणि खरं तर हा सौम्य प्रकार. पडते तरी.

तीन अंकी अनुक्रमांकाचं काय होतं बघा. ००१ ते ००७ ठीक. ००८ आणि ००९ला त्रुटी. ०१०ला मात्र त्रुटी येत नाही, बॅश त्याचा शांतपणे ८ करतो. पुढचा क्रमांक म्हणून ०११ऐवजी ००९ बनतो, आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर नवी फाइल बसते. समजा कोणी फक्त त्रुटी लपवण्यासाठी ८ आणि ९ची वेगळी सोय केली, तर रोगापेक्षा इलाज भयंकर.

बॅशमध्ये आकड्यापुढे '१०#' लिहिलं की तो दशमान धरतो. पुन्हा तेच : कुठे लिहायचं, हे वाचल्याशिवाय कळणार नाही.

बुधवार, २२ जानेवारी

छोटी नोंद, पण नवीन मंडळींनी नीट वाचावी. '|&' हे चिन्ह.

कॉर्नमध्ये ओळीच्या शेवटी '|&' लिहिलं की ती कमांड सहप्रक्रिया म्हणून मागे चालू राहते, आणि 'प्रिंट -पी'ने तिला मजकूर देता येतो, 'रीड -पी'ने तिच्याकडून घेता येतो. आपल्याकडे डेटाबेसचा क्लायंट असा एकदाच उघडून रात्रभर त्याच्याशी बोलणाऱ्या स्क्रिप्ट आहेत. लिहिणाऱ्याचं कौतुक वाटतं. दर प्रश्नाला नवीन जोडणी करण्यापेक्षा हे कितीतरी हलकं.

बॅश ४पासून हेच चिन्ह वेगळं काम करतं : कमांडचं आउटपुट आणि त्रुटीसंदेश, दोन्ही पुढच्या कमांडच्या पाइपमध्ये टाकणं. ओळ संपली तरी बॅश थांबत नाही, पुढच्या ओळीवरची कमांड पाइपचं दुसरं टोक म्हणून घेतो. आणि 'रीड -पी'चा बॅशमधला अर्थ, वाचण्याआधी वापरणाऱ्याला सूचना दाखवणं. दोन्ही ओळी बॅशच्या व्याकरणात शुद्ध, आणि दोन्हींचा अर्थ भलताच. बॅशमध्ये सहप्रक्रियेसाठी 'कोप्रॉक' हा स्वतंत्र शब्द आहे. त्यात हे पुन्हा लिहिता येईल, पण ते रूपांतर नसेल, नव्याने लिहिणं असेल.

सोमवार, २७ जानेवारी

बैठक. मी थेट विचारलं : बॅश हवाय कशासाठी? चर्चेत तीन कारणं आली. माणसं मिळतात, सगळीकडे असतो, नवीन आहे.

पहिलं कारण खरं आहे. दुसरं अर्धं खरं. मॅकवरचा /बिन/बॅश आजही ३.२ आहे, म्हणजे २००६ची शाखा. पुढच्या आवृत्त्या जीपीएल या खुल्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली गेल्या आणि ॲपल मागेच थांबलं. असोसिएटिव्ह ॲरे (क्रमांकाऐवजी नावाने मूल्य ठेवणारे) वापरणारी स्क्रिप्ट तिथे चालत नाही, कारण ते ४.०ला आले. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये तर बॅश मुळात नसतोच, बिझीबॉक्सचा ॲश असतो. तिसऱ्या कारणाला उत्तर द्यायचं टाळलं. बॅश पस्तिशी ओलांडून गेलाय.

उलट प्रस्ताव ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मांडला : "अहो, लिनक्सवर केएसएच बसवा ना सरळ." बसतो. पण बसतो तो केएसएच-९३, आणि ८८ ते ९३ हाही सरळ रस्ता नाही. नावापुढे नुसते गोल कंस लावून लिहिलेल्या फंक्शनमध्ये 'टाइपसेट' केलेलं चल ८८मध्ये त्या फंक्शनपुरतं राहतं, ९३मध्ये ते बाहेरही बदलतं. 'फंक्शन' शब्द लिहून सुरू केलेल्या फंक्शनमध्ये दोन्हीकडे स्थानिकच राहतं. म्हणजे निदान यावर यांत्रिक उपाय आहे : सगळी फंक्शन्स दुसऱ्या पद्धतीत आणायची, मग 'ट्रॅप' (सिग्नल पकडणारी कमांड) आणि '$०' (स्क्रिप्टचं नाव) वापरणारी तेवढी हाताने तपासायची. पाइपचा शेवटचा भाग, सहप्रक्रिया, 'प्रिंट', 'टाइपसेट -झेड' हे सगळं ९३मध्ये जागच्या जागी आहे. पुढे शून्य लागलेल्या आकड्यांची तपासणी मात्र तिथेही करावी लागेल.

"पण तो आता सांभाळतं कोण?" हा प्रश्नही आला, आणि तो महत्त्वाचा. एटीअँडटीने केएसएच-९३चा स्रोत २००० साली खुला केला. त्यांची शेवटची स्थिर आवृत्ती २०१२ची, ९३यू+. त्यावर समाजाने चालवलेली ९३यू+एम ही शाखा २०२०पासून दुरुस्त्या करते आहे. तिचं धोरणच दुरुस्त्यांचं आहे, वागणूक उगाच बदलायची नाही. आपल्याला नेमकं तेच हवंय.

निर्णय झाला नाही. पण कामाच्या पत्रातली ती ओळ चर्चेला आली, हेही कमी नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

/बिन/एसएचवाल्या स्क्रिप्ट. यांना केएसएचमध्ये ठेवायचं कारण नाही. बहुतेक लहान आहेत, फायली हलवणं, जुने लॉग काढणं वगैरे. या पॉसिक्सच्या मर्यादेत आणायच्या, म्हणजे मागे कोणताही एसएच असो, चालतील.

'कोणताही' हे शब्दशः घ्यावं लागतं. उबुंटूने ६.१०मध्ये, २००६ साली, /बिन/एसएच बॅशवरून डॅशवर नेला, मुख्यतः बूट लवकर व्हावं म्हणून. डेबियनने तेच स्क्वीझ या आवृत्तीत, २०११ला केलं. डॅश हा केनेथ आल्मक्विस्टच्या १९८९मधल्या ॲशचा वंशज; लहान, वेगवान आणि बॅशचे लाड न पुरवणारा. 'टेस्ट'मध्ये दुहेरी बरोबर चिन्ह लिहिलं की तिथेच अडतो. त्या बदलामुळे तेव्हा बऱ्याच स्क्रिप्ट मोडल्या, आणि लोक चिडले. पण सप्टेंबर २०१४मध्ये बॅशमधल्या सुरक्षा-दोषाचं शेलशॉक प्रकरण बाहेर आलं तेव्हा ज्यांच्या यंत्रांवर /बिन/एसएच डॅश होता त्यांच्यावर हल्ल्याचे बरेचसे मार्ग आपोआप बंद होते. तो दोष बॅशमध्ये १९८९पासून पडून होता.

नियम ठरवले. मजकूर छापायला 'एको' नाही, 'प्रिंटएफ'. कारण उणे-एन आणि उलट्या रेघेचं काय करायचं यावर कोणत्याही दोन शेलांच्या 'एको'चं एकमत नाही. प्रत्येक फाइल शेलचेककडून (स्क्रिप्टमधल्या चुका शोधणाऱ्या साधनाकडून) आणि डॅशखाली, दोन्ही तपासून जायची. 'पाइपफेल' (पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी कळवणारा पर्याय) पॉसिक्समध्ये २०२४च्या आवृत्तीत आला आहे, पण यंत्रांवर तो पोचेपर्यंत गृहीत धरायचा नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सीएसएच. एका विकत घेतलेल्या साधनाबरोबर आलेल्या मांडणीच्या फायली आहेत, सगळ्या सी शेलमध्ये. चिप डिझाइनच्या आणि शास्त्रीय गणिताच्या जगात असं अजूनही सर्रास दिसतं.

सी शेलमध्ये स्क्रिप्ट लिहू नये, हे जुनं मत मलाही मान्य आहे. फंक्शन नाहीत, त्रुटीसंदेश आउटपुटपासून वेगळे काढायला सरळ मार्ग नाही, उपशेलची कसरत करावी लागते. पण या फायली आपल्या नाहीत. भाषांतर केलं तर विक्रेत्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर परत करावं लागेल. म्हणून टीसीएसएच (सी शेलचाच सुधारित अवतार) ठेवायचा, त्याला ती फाइल वाचू द्यायची, शेवटी तयार झालेले एन्व्हायर्नमेंटचे चल छापून घ्यायचे आणि आपल्या शेलने ते उचलायचे. विषय संपला.

(फ्रीबीएसडीनेसुद्धा रूटचा शेल टीसीएसएचवरून एसएचवर नेला तो १४.०मध्ये, २०२३ साली. जुनी भांडी कोणी उगाच फेकत नाही.)

बुधवार, ५ फेब्रुवारी

रात्रपाळीच्या चालकांकडून निरोप : लॉगिन शेल बदलू नका, आमचे हात केएसएचच्या व्हीआय पद्धतीला (व्हीआय संपादकाच्या कळांनी ओळ दुरुस्त करण्याला) बसलेत. मान्य. समोर बसून टाइप करायला कोणी काय वापरावं यात प्रकल्पाने पडू नये. एकाला फिश हा शेल हवा असेल, दुसऱ्याला १९८८चा कॉर्न. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पूर्ण मार्गासह शेल लिहिलेला असला की लॉगिन शेलशी तिचा संबंध उरत नाही. बिननावाची एकही फाइल पुढे जाणार नाही, हा नियम आज पक्का केला.

सोमवार, १० फेब्रुवारी

निर्णय. कामाच्या पत्रातली ओळ बदलून मिळाली. आता असं :

ज्या स्क्रिप्ट पैशांचे हिशेब करतात, वर्षानुवर्षं बदललेल्या नाहीत आणि कॉर्नची खास वैशिष्ट्यं वापरतात, त्या कॉर्नमध्येच राहतील, ९३यू+एमवर. /बिन/एसएचच्या आणि बिननावाच्या लहान स्क्रिप्ट पॉसिक्समध्ये. एखाद्या केएसएच स्क्रिप्टचा कामाचा नियमच बदलणार असेल तर तेव्हा ती नव्याने लिहायची, आणि तेव्हा बॅशही चालेल, पायथनही. कारण तेव्हा ती कोणीतरी वाचणार आहे आणि तिची चाचणीही होणार आहे. नुसता शेल बदलायचा म्हणून कशालाही हात लावायचा नाही.

व्यवस्थापकांचा आक्षेप नोंदवतो, कारण तो चुकीचा नाही : पाच वर्षांनी केएसएच वाचणारी माणसं कुठून आणणार? माझं उत्तर : बॅश येणाऱ्याला केएसएच वाचायला शिकवायला फार वेळ लागत नाही, आणि त्याला शिकवायचे बहुतेक फरक या नोंदींतच आहेत. याउलट, अर्धवट बॅश झालेली केएसएच स्क्रिप्ट दोन्ही भाषा येणाऱ्यालाही वाचता येत नाही. ते पूर्ण पटलेले नाहीत. चालेल.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी बॅच चालवून आउटपुट ताडून पाहतोय. फरक दिसले, आणि गंमत म्हणजे मोठे फरक शेलचे नाहीतच. 'सॉर्ट'चा क्रम वेगळा येत होता : जुन्या यंत्रावर लोकेल (भाषेनुसार अक्षरक्रमाची मांडणी) सी, नव्यावर इंग्रजी यूटीएफ-८, त्यात लहान-मोठी लिपी एकत्र मिसळून लागते. क्रम बदलला की पुढचं 'जॉइन' (दोन फायली जोडणारी कमांड) नोंदी गाळतं. प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला लोकेल ठरवणारं एलसी_ऑल हे चल सी केलं, फरक गेले.

शेलचा म्हणावा असा एकच उरला : नाव-आणि-गोल-कंस पद्धतीचं एक फंक्शन यांत्रिक बदलातून निसटलं होतं, कारण नाव आणि कंस दोन वेगळ्या ओळींवर होते. शोधाचा नमुना सुधारून सगळ्या फायलींवर परत चालवला. तसं दुसरं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

रोजच्या बॅच जुळताहेत. महिनाअखेरची बॅच शुक्रवारी, २८ला दोन्हीकडे. तिच्यात अनुक्रमांक तीन अंकी आहेत, तेव्हा ००७ ते ०११ हा टप्पा मुद्दाम चाचणीच्या माहितीत घातलाय.

बाकी : क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळींमधले मार्ग बदलणं, टीसीएसएचचं पॅकेज उत्पादनाच्या यंत्रावर मंजूर करून घेणं, आणि सहप्रक्रिया वापरणाऱ्या स्क्रिप्टमध्ये डेटाबेसची जोडणी मधेच तुटली तर 'रीड -पी' काय परत देतो ते तपासणं. हे शेवटचं जुन्या यंत्रावरही कधी कोणी तपासलेलं दिसत नाही. मंगळवारी सकाळी चाचणी डेटाबेस बंद करून बघायचं, डेटाबेसवाल्या ताईंकडून वेळ घेतली आहे.